टेस्टमधला शेवटचा ट

मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाने घरात इंग्रजी शिकवू नये, असा कुठे नियम नाही. असता तर मी पाळला असता.

आमचं दुकान शिनोलीत, रस्त्याला लागून. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, मध्ये एक पडदा. लोक जळालेल्या पाण्याच्या मोटारी आणतात, मी त्यांत नवी तार भरतो आणि परत पाठवतो. मोटारीचं एक बरं असतं, तिला फक्त फिरायचं असतं. माझ्या मुलीला, प्रज्ञाला, मात्र बोलायचं होतं. ती मंचरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलने तिची कागदपत्रं पसंत केली, अनुभव पसंत केला, फोटोसुद्धा पसंत केला (जे स्थळवाल्यांना अजून जमलेलं नाही!). राहिली होती फक्त तोंडी परीक्षा. लॅपटॉपसमोर बसायचं, पलीकडे दिल्लीच्या एजन्सीतली एक मॅडम, आणि वीस मिनिटं इंग्रजी बोलायचं.

पहिल्या खेपेला प्रज्ञा नापास झाली. शेरा आला, त्याचा मराठीत अर्थ असा होता: व्याकरण चांगलं, शब्द भरपूर, पण शब्दांचे शेवट ऐकू येत नाहीत.

"शेवट म्हंजी?" तिच्या आईने, सुमनने, विचारलं.

"म्हणजे मी पेशंट म्हणते ना, त्यातला ट त्यांना पोचतच नाय."

"मग जातो कुठं त्यो?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही तिघांनी बसून तो ट शोधला, आणि लक्षात आलं की तो आमच्या घरातून कधीच निघत नव्हता. आमच्याकडे टेस्टची 'टेस' होते, पोस्टात जाणारा 'पोसात' जातो, आणि बसतो तो 'करन'. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय, "भाऊ, हात लावू नका, करन बसंल!" सगळ्यांना समजतं. ट नसल्यामुळे झटका कमी बसला, अशी आजवर एकाचीही तक्रार नाही!

पण इंग्लंडच्या पेशंटला ट लागतो, त्याला आपण काय करणार? आता एकच संधी उरली होती. परीक्षा तीन आठवड्यांवर. यात नापास झाली, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

प्रज्ञाने आपला उपाय सुरू केला. मोबाईलवर एक बाई उच्चार शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, शब्दाच्या शेवटाला पट्टी हलली पाहिजे. पोरगी ड्यूटीवरून आली की पट्टी धरून बसायची. "पेशंट. पेशंट. पेशंट." पट्टी हलायची, पण ती पंख्याने. पंखा बंद केला की घामाने पट्टी ओठाला चिकटायची. जेवण कमी झालं, नखं खाणं वाढलं. दवाखान्यात तीस-तीस पेशंट सांभाळणारी माझी पोर एका टला घाबरून बसली होती, आणि ते मला बघवत नव्हतं.

माझ्या स्वभावाचा एक दोष आहे. बिघडलेली वस्तू समोर दिसली की माझे हात शिवशिवतात.

आमच्या विहारात दर रविवारी वंदना मी सांगतो. मी एक ओळ म्हणायची, थांबायचं, मग सगळ्यांनी मागून म्हणायचं. आयुष्यात पाटीला हात न लावलेल्या म्हाताऱ्या बायांनीही पाली अशीच पाठ केली आहे, आणि शेवटचा अनुस्वार तर अशा म्हणतात की शेजारच्या आळीत ऐकू जावा. मला वाटलं, जी पद्धत पालीला चालते ती इंग्रजीला का चालू नये? (हा माझा पहिला विचार होता. दुसरा विचार करायची मला सवय नाही.)

संध्याकाळी दुकान आवरल्यावर मी प्रज्ञाला समोर बसवलं आणि हातात पक्कड घेतली. शब्द मी सांगायचा, आणि शेवटचं अक्षर आलं की मोटारीच्या बॉडीवर पक्कड हाणायची, म्हणजे शेवट नक्की कुठे आहे ते कानाला कळेल.

"पेशन्..." मी म्हणालो. टण्ण!

"पेशंट," प्रज्ञा म्हणाली.

"अगं, एकटीनं म्हणून जोर येत न्हाई. सुमन, तूबी म्हण."

"मला कशाला? मला कुठं जायाचंय?"

"पोरीसाठी म्हण!"

"पेशंट!" सुमन म्हणाली, आणि तिच्या टने प्रज्ञाच्या हातातली पट्टी हलली! सुमनने त्याबद्दल एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त त्या दिवसापासून मला चहा देताना ती "हॉट!" म्हणायला लागली.

दुकानाच्या बाकावर बसलेली गिऱ्हाइकं तरी गप्प कशी राहणार? भीमाशंकरच्या बाजूला वरच्या वाडीत भात-नाचणी करणारे कोंडाजीभाऊ त्यांच्या मोटारीसाठी खेटे घालत होते. खरं म्हणजे मोटार चार दिवसांपूर्वीच व्हायला हवी होती, पण मास्तरकीमुळे वाइंडिंग मागे पडलं होतं.

"भाऊ, माजी मोटार झाली का न्हाई?"

"होतीय. बसा जरा. रिपोर..." टण्ण!

"रिपोर्ट!" सुमन आणि प्रज्ञा म्हणाल्या.

"रिपोर्ट!" कोंडाजीभाऊ म्हणाले. "बसल्या बसल्या म्हनतो की मीबी. पोरीला तेवढाच हातभार."

आठवडाभरात आवाज एवढा वाढला की घोडेगावहून आलेला एक पाहुणा दारात थांबून विचारून गेला, "राव, हितं शिकवणी चालू केली का?" मला अभिमान वाटला. मी त्याला "वे..." म्हटलं, मागून तिघं "वेट!" म्हणाले, आणि तो न थांबता गेला.

आणि मग एक दिवस प्रज्ञा दवाखान्यातून आली ती रडवेली होऊन.

"पप्पा, आज राउंडला मी 'पेशंटऽऽ' म्हणाले. 'बेडऽऽ' म्हणाले. सगळे डॉक्टर बघत राहिले!"

"मग? शेवट ऐकू आला ना?"

"आधी शेवट नव्हता, आता संपतच नाय! तुमची वंदनेची चाल लागलीय त्याला! आता नापास झाले तर दोन्हीकडून होईन."

जळालेली मोटार दुरुस्त करता करता चांगलीही जाळण्याचा प्रकार माझ्या हातून क्वचित झालाय, पण ती मोटार होती. ही पोरगी होती. मी पक्कड खाली ठेवली. सुमनने फर्मान काढलं, "आवो, आता तिच्यासमोर विंग्रजीचं अक्षर काढायचं न्हाई. तुमीबी न्हाई, मीबी न्हाई." मी कबूल झालो. प्रज्ञा आतल्या खोलीत दार लावून एकटीच पट्टी धरून बसायला लागली, आणि चार-सहा दिवसांत तिचा ट जागेवर आला. शेपूट गेलं. पट्टी पंख्याशिवाय हलली. ते मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि गुपचूप कामाला लागलो.

प्रज्ञा सुधारली, पण आम्ही बिघडलो होतो. फोन लागला नाही आणि मोबाईलवर कंपनीची बाई इंग्रजीत काही बोलली की कणकेच्या हातांनी सुमन मागून म्हणायची, "प्लीज वेट!" मी हसायचो. खरं तर तेव्हाच भ्यायला हवं होतं.

परीक्षा गुरुवारी सकाळी अकराला. एजन्सीचे नियम कडक: खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको, सगळ्याचं रेकॉर्डिंग होणार, आणि कुणी मदत केली असं आढळलं तर परीक्षा रद्द, पुन्हा संधी नाही. प्रज्ञाने हे आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा फक्त माझ्याकडे बघून.

आतल्या खोलीला दार आहे, पण रेंज नाही. रेंज आमच्या घरात एकाच जागी येते, दुकानात, शटरपासून दोन हातांवर. म्हणून दुकान बंद ठेवलं. जळालेल्या मोटारी भिंतीला लावून त्यांवर चादर टाकली. टेबल पुसलं, लॅपटॉप मांडला, शटर खाली ओढलं. मी आणि सुमन पडद्यामागे, स्वयंपाकघरात. कुकर बंद, मिक्सर बंद, आम्हा दोघांचे मोबाईल बंद. मला खोकला येईल या भीतीने सुमनने मला आधीच खडीसाखर देऊन ठेवली होती.

सगळी तयारी चोख होती. फक्त मी आठ दिवसांपूर्वी कोंडाजीभाऊंना "गुरुवारी या, मोटार तयार ठेवतो" असं सांगितलं होतं, तेवढं विसरलो.

परीक्षा सुरू झाली. मॅडमचा आवाज खणखणीत होता. प्रज्ञा सुरुवातीला अडखळली, मग सावरली. मी पडद्यामागे मांडी घालून फक्त शेवट ऐकत होतो. पेशंट... आला! रिपोर्ट... आला! ट्रीटमेंट... आला! दर टला सुमन माझं मनगट दाबायची. पंधरा मिनिटं गेली. मनगट लाल झालं होतं, पण आतून इतकं हलकं वाटत होतं की सांगता येत नाही. पोरगी जिंकत होती.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "नाउ, प्लीज रिपीट आफ्टर मी."

आता खरं ते सांगतो. विहारात मी सांगणारा झालो अलीकडे. त्याआधीची सगळी वर्षं, अगदी वडिलांच्या मांडीवर बसल्यापासून, मी मागून म्हणणाराच होतो. कुणी खणखणीत आवाजात एक ओळ म्हणून थांबलं, की ती थांबलेली जागा मला कधी मोकळी सोडता आलेली नाही.

"द नर्स लेफ्ट द रिपोर्ट ऑन द डेस्क," मॅडम म्हणाल्या. आणि थांबल्या.

"द नर लेफ द रिपोर ऑन द डेस!" मी म्हणालो.

मोठ्याने! पडद्यामागून! प्रज्ञाच्या आधी!

सुमनने झडप घालून माझं तोंड दाबलं. पण तोंड दाबता दाबता तिच्याच तोंडून निघालं, "डेस्क!"

"डेस्क!" शटरच्या बाहेरून आवाज आला.

आणि मग प्रज्ञाने तीच ओळ म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक शेवट जागेवर. मला आजही त्याचं नवल वाटतं. मी असतो तर पळून गेलो असतो.

"हू इज देअर?" मॅडमनी विचारलं.

"हू इज देअर!" शटर म्हणालं.

"प्लीज टर्न द कॅमेरा."

प्रज्ञाने लॅपटॉप फिरवला आणि पडदा बाजूला केला. आत फरशीवर मी, माझ्या तोंडावर सुमनचा हात, सुमनच्या स्वतःच्या तोंडावर पदर. एवढं पुरे नव्हतं म्हणून की काय, शटर वीतभर वर उचललं गेलं, खालून कोंडाजीभाऊंचं डोकं आत आलं, आणि त्यांनी दिल्लीच्या मॅडमकडे बघून नमस्कार केला.

"भाऊ, मोटार झाली का?"

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. मग मला विचारलं, "सर, डिड यू हेल्प हर?"

मला सांगायचं होतं, मॅडम, मदत करणारा आधी सांगतो, आम्ही मागून म्हणणारी माणसं आहोत. एवढं इंग्रजी माझ्याकडे होतं. पण ऐन वेळी लाइट गेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "नो मॅडम! शी बिफोर! मी आफ्टर!" आणि मग आठवलं की झालं होतं नेमकं उलटं, म्हणून दुरुस्ती केली, "सॉरी मॅडम! मी बिफोर!"

म्हणजे गुन्हा मी स्वतःच कबूल केला!

मॅडमनी उरलेले प्रश्न विचारले, परीक्षा संपवली, आणि शेवटी सांगितलं की रेकॉर्डिंग वरच्या ऑफिसला जाईल. मदत झाली की नाही ते तिथे ठरवतील. लॅपटॉप मिटला. प्रज्ञाने मोटारींवरची चादर काढली, शांतपणे घडी घातली आणि म्हणाली, "पप्पा, त्यांची मोटार द्या."

मोटार झालेली नव्हती.

सगळा प्रकार कळल्यावर कोंडाजीभाऊ शटरजवळच खाली बसले. "अरारा! म्हंजी पोरीचं नुकसान केलं की मी! मला वाटलं, भाऊ आज आतून शिकवत्यात."

"तुमचं काय चुकलं? सुरुवात ह्यांनी केली," सुमन म्हणाली, आणि माझ्यासमोरची खडीसाखर उचलून डब्यात ठेवली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. प्रज्ञा ड्यूटीला जायची, यायची, जेवायची, मोबाईल बघायची. मी एका मोटारीची जोडणी उलटी केली, ती पाणी ओढायचं सोडून उलटी फिरत राहिली. गिऱ्हाईक ओरडलं, मी ऐकून घेतलं. एक दिवस कॉइल भरता भरता मनात येऊन गेलं, नाही गेली तर नाही गेली, डोळ्यांसमोर तरी राहील. आणि लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की तार तुटली. ती नर्सिंगला लागली तेव्हा तिचं कपाट उघडून पुस्तकांना कौतुकाने हात लावून बघणारा बाप मी, आणि आता तिच्याच वाटेत आडवा पडलो होतो, तोही तोंड उघडं ठेवून.

कोंडाजीभाऊ दिवसाआड यायचे. मोटार तर मी रात्रभर जागून दुसऱ्याच दिवशी दिली होती, तरी यायचे. एकदा तांदूळ घेऊन आले. बाकावर बसायचे, विचारायचे, "आलं का पत्र?" आम्ही नाही म्हणायचो. मग ते शिनोलीच्या फाट्यावर गाडी बघायला उठायचे.

नवव्या दिवशी दुपारी पत्र आलं, म्हणजे मेल. प्रज्ञाची सुट्टी होती. ती दुकानात उभ्यानेच वाचायला लागली. अर्ध्यात थांबली. मग एका मोटारीवर मटकन बसली आणि तोंड ओढणीत घातलं. खांदे हलत होते.

"गेली!" मी म्हणालो. "सुमन, गेली गं तिची नोकरी! माझ्यामुळे गेली!"

सुमन स्वयंपाकघरातून लाटण्यासकट आली. कोंडाजीभाऊ बाकावरून उठून उभे राहिले. प्रज्ञाने तोंड वर केलं, आणि ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येत नव्हतं. शेवटी तिने आईसाठी एकेक ओळ मराठीत करून वाचली.

"रेकॉर्डिंग तपासलं. उमेदवाराने उत्तर देण्याआधी एका पुरुषाचा आवाज ऐकू येतो. परंतु या आवाजाने एकाही शब्दाचा शेवट उच्चारलेला नाही. उमेदवाराचे सर्व शेवट स्पष्ट आहेत. त्यामुळे या आवाजाची उमेदवाराला कोणतीही मदत झाली असण्याची शक्यता नाही. उमेदवार उत्तीर्ण."

आधी सुमनला कळलं.

"म्हंजी तुमी नापास झाला, म्हनून ती पास झाली?"

"तसंच," प्रज्ञा म्हणाली, आणि मला येऊन बिलगली. मी रडलो. उघड सांगतो, दुकानात, गिऱ्हाइकासमोर रडलो.

"आन् माज्याबद्दल काय लिव्हलंय?" कोंडाजीभाऊंनी हळूच विचारलं.

प्रज्ञाने पुन्हा मेल बघितला. "बाहेरून आलेल्या दुसऱ्या पुरुष आवाजाचा उच्चार समाधानकारक. पण तो आणि एका स्त्रीचा आवाज परीक्षकांनी नुकताच म्हटलेला शेवटचा एकच शब्द म्हणतात, त्यामुळे तीही मदत धरता येत नाही."

कोंडाजीभाऊ ताठ झाले. त्या दिवशी ते रस्त्याने प्रत्येकाला थांबवून सांगत गेले.

आता प्रज्ञाच्या जाण्याची तयारी चालू आहे. गावात लोक भेटतात, कौतुक करतात, विचारतात, "भाऊ, पोरीला पार इंग्लंडला पाठवताय, लई केलं असंल तुमी तिच्यासाठी?" मी खोटं कशाला बोलू? सांगतो, "जास्त काही न्हाई. माझं इंग्रजी तेवढं सुधारू दिलं न्हाई."